फडके पोहोचेल तिथवर : एरंडवण्यातील एका कार्यालयाच्या नूतनीकरणाच्या नोंदी

१२ मे २०२५

पुण्यात कर्वे रस्त्यापासून थोडे आत, एरंडवण्यातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयाची आज पहिली पाहणी झाली. बांधकाम अभियांत्रिकीचा सल्ला देणारी ही संस्था आहे. पस्तीसेक माणसे, मोठे नकाशे छापणारे दोन प्लॉटर आणि गेल्या तीन दशकांतील नकाशांच्या गुंडाळ्या असा सारा पसारा आहे. संचालकांची मागणी थोडक्यात अशी, की कार्यालय आजच्या काळातले दिसावे आणि ते स्वच्छ राहावे. दिसण्याबद्दल त्यांनी बरीच छायाचित्रे जमवून ठेवली आहेत. स्वच्छतेबद्दल मात्र हाउसकीपिंगची एजन्सी बदलण्यापलीकडे विचार झालेला नाही.

पाहणी करताना धूळ कुठे आहे याची वेगळी यादी केली. कपाटाचा माथा आणि छत यांच्यामधली वीतभर फट, टेबलाखालचे ड्रॉवर आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी जागा, जमिनीवर वेटोळे घालून पडलेल्या वायरी, सरकत्या खिडक्यांचे ट्रॅक, कमोडची मागची बाजू. उलट, जिथे हात सहज फिरतो ती प्रत्येक जागा स्वच्छ होती. टेबलांच्या काचा तर लखलखीत होत्या. ‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ ही म्हण आपण झाडणाऱ्या-पुसणाऱ्याला ऐकवतो, पण खरे तर ती आराखडा काढणाऱ्याने ऐकायला हवी, कारण हात फिरण्याएवढी जागा ठेवणे हे त्याचे काम आहे. या प्रकल्पात प्रत्येक रेषा त्याच कसोटीवर तपासायची, असे आजच ठरवले आहे.

काम चालू असताना कार्यालय बंद ठेवता येणार नाही. त्यामुळे जागेचे दोन भाग करून आधी रस्त्याकडचा आणि मग मागचा भाग हाती घ्यायचा आहे.

१४ मे

कर्मचारी येण्याआधी, सकाळी साडेसातला पुन्हा गेले. सफाईचे काम करणाऱ्या मावशींना त्यांच्या नेहमीच्या क्रमाने काम करू देऊन मी फक्त सोबत राहिले. त्यांची बादली वॉशबेसिनच्या नळाखाली बसत नाही. म्हणून त्या मगाने पाणी काढून बादली भरतात, आणि फरशी पुसून झाल्यावर तीच जड बादली उचलून कमोडमध्ये ओततात. मॉप वाळत घालायला जागा नसल्याने तो शौचालयाच्या कोपऱ्यात ओला उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुबट वासासह बैठकीच्या खोलीत फिरतो. फिनेलचा वास इतका उग्र का ठेवावा लागतो, हे त्यावरून समजले.

“ताई, ते ड्रॉवर मला एकटीला हलत नाहीत, आणि वायरी ओढल्या गेल्या की कुणाचं तरी मशीन बंद पडतं. मग बोलणी मीच खाते. त्यापेक्षा तिथं झाडूच घालत नाही,” असे त्यांनी सांगितले. काय हवे असे विचारल्यावर त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: खाली नळ असलेली मोरी आणि झाडू-बादली ठेवायला कुलूपबंद जागा. आराखड्याच्या कागदावर सर्वांत आधी ही मोरी काढली आहे, शौचालय आणि पँट्री यांच्या मधल्या भिंतीला लागून.

२१ मे

संचालकांबरोबर आराखड्याची पहिली सविस्तर चर्चा झाली. त्यांच्या छायाचित्रांत तीन गोष्टी वारंवार होत्या: फॉल्स सीलिंग काढून टाकून पाइप आणि डक्ट उघडे ठेवलेले छत, स्वागतकक्षामागे उभ्या खाचांच्या फ्लुटेड पॅनेलची भिंत आणि मॅट काळ्या सनमायकाची कपाटे. सध्या पुण्यात बाणेर-बालेवाडीपासून कोरेगाव पार्कपर्यंत हीच त्रयी दिसते, त्यामुळे ती मागितली जाणे स्वाभाविक आहे.

तिन्हींना मी विरोध नोंदवला. उघड्या छतातील प्रत्येक डक्ट, केबल ट्रे आणि पाइप यांची वरची बाजू म्हणजे धुळीची एक नवी फळी असते. ती खालून दिसत नाही, शिडीशिवाय तिथे हात पोहोचत नाही, आणि पंखा किंवा एसी सुरू झाला की तीच धूळ टेबलांवर उतरते. रस्त्यालगतच्या इमारतीत, जिथे खिडकी उघडताच रहदारीची काळी धूळ आत येते, तिथे हे छत वर्षभरातच आपले रूप गमावते. फ्लुटेड पॅनेलच्या खाचांत फडके शिरत नाही. तिथे ब्रश लागतो, आणि ब्रशने खाच न खाच साफ करण्याएवढा वेळ कोणत्याही सफाई कर्मचाऱ्याला दिला जात नाही. मॅट काळ्या पृष्ठभागावर बोटांचे तेलकट ठसे लगेच उठतात. नमुन्याचा तुकडा संचालकांच्याच हातात दिला, तेव्हा त्याबद्दल वेगळे काही सांगावे लागले नाही.

आधुनिक दिसणे आणि स्वच्छ ठेवता येणे यांत विरोध आहे, असा समज होऊ नये म्हणून एक जुने उदाहरण त्यांच्यापुढे ठेवले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेतील बफेलो येथे बांधलेली लार्किन कंपनीची कार्यालयीन इमारत १९०६ मध्ये पूर्ण झाली. शेजारी रेल्वेमार्ग आणि कारखाने असल्याने धूर व काजळी यांचा मोठा त्रास होता. राइट यांनी इमारत बाहेरच्या हवेपासून बंदिस्त केली, आत येणारी हवा शुद्ध करण्याची योजना केली, पोलादी टेबलांनाच खुर्च्या जोडल्या आणि शौचालयातील कमोड भिंतीवर टांगले, म्हणजे खालची फरशी विनाअडथळा पुसता येईल. ती इमारत १९५० मध्ये पाडली गेली, तरी आधुनिक कार्यालयाच्या इतिहासात तिचे नाव पहिल्या काहींत घेतले जाते. फरशी पुसणाऱ्याचा विचार त्या आधुनिकतेतच होता. संचालक स्वतः अभियंते असल्याने हा मुद्दा त्यांना पटकन भिडला.

निर्णय असा: सपाट जिप्सम छत, स्वागतकक्षामागे सागवानी व्हिनीअरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) सपाट भिंत, आणि कपाटे फिकट राखाडी रंगाची व थेट छताला भिडणारी.

२७ मे

या वर्षी मॉन्सून कालच, म्हणजे २६ मे रोजी पुण्यात दाखल झाल्याचे जाहीर झाले. एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास होणारे निरीक्षण त्यामुळे आजच करता आले. सकाळी नऊ ते दहा दारापाशी उभे राहून येणाऱ्यांना पाहिले.

जवळजवळ सगळेच दुचाकीवरून येतात. प्रत्येकाच्या अंगावर निथळणारा रेनकोट, हातात हेल्मेट, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात डबा. दारात एक लहान पायपुसणे आहे, ते पहिल्या पाच जणांतच ओलेगच्च होते. रेनकोट खुर्च्यांच्या पाठीवर वाळत पडतात. हेल्मेट टेबलावर, मॉनिटरशेजारी किंवा नकाशांच्या कपाटावर विसावते. टेबल नीटनेटके ठेवा, असे परिपत्रक या कार्यालयात पूर्वी काढले गेले आहे. पण हेल्मेटला दुसरी जागाच नसेल तर ते टेबलावरच राहणार, आणि एकदा हेल्मेट टेबलावर चालते म्हटल्यावर मग हातमोजे, छत्री आणि वर्तमानपत्रही चालते.

म्हणून प्रवेशाची जागा वाढवून तिचा आराखडा नव्याने केला. दाराबाहेर खरखरीत जाळीची चटई, जिच्यावर चिखल झडेल. दाराच्या आत पाच-सहा पावले चालावे लागेल एवढी लांब, पाणी शोषणारी चटई. उजव्या भिंतीला हेल्मेटचे कप्पे. त्यांचा तळ फळीचा न ठेवता स्टीलच्या जाळीचा ठेवला आहे, म्हणजे ओले हेल्मेट खालून वाळेल आणि कप्प्यात पाणी साचणार नाही. त्याच्या पुढे रेनकोटसाठी खुंट्यांची रांग, खाली शहाबादी फरशीचा उतार आणि त्याचे पाणी थेट बाल्कनीच्या मोरीकडे. प्रत्येक कप्पा हेल्मेटपेक्षा चार बोटे मोठा हवा; अगदी मापाचा केला की हेल्मेट पुन्हा टेबलावर जाते. यासाठी बसण्याच्या दोन जागा कमी होत आहेत. संचालकांना ते जड गेले, परंतु पावसाळ्याचे चार महिने सगळ्या कार्यालयाची फरशी ज्या जागेमुळे कोरडी राहणार आहे, तिची किंमत दोन टेबले ही फार नाही, या मतावर मी ठाम राहिले.

५ जून

बसण्याच्या व्यवस्थेवर आज मतभेद झाले. भिंती पूर्ण काढल्या की संवाद वाढेल, असे भागीदारांपैकी एकांचे म्हणणे होते. हा समज फार पसरलेला आहे. संशोधक ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या कंपन्यांनी भिंती काढून खुली रचना स्वीकारली तिथे समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल व संदेश वाढले, असे आढळले होते. ज्याला एकाग्रता हवी असते तो खुल्या दालनात कानाला हेडफोन लावून स्वतःभोवती भिंत उभी करतोच. म्हणून मधला मार्ग घेतला आहे: आकडेमोड करणाऱ्या अभियंत्यांसाठी सहा-सहा जणांची दोन काचेची दालने, ड्राफ्टिंगसाठी खुली जागा, आणि फोनवर बोलण्यासाठी दोन लहान बंद खोल्या.

खिडक्या पश्चिमेला असल्याने सर्व टेबले खिडकीशी काटकोनात ठेवली आहेत, म्हणजे दुपारनंतरचे ऊन ना डोळ्यांवर येईल ना संगणकाच्या पडद्यावर. टेबलावर ३०० ते ५०० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश पडावा असे धरून दिव्यांची जागा ठरवली. दिवे साध्या दोन पायऱ्यांच्या शिडीवरून पुसता यावेत अशा उंचीवर घेतले आहेत. दिव्याच्या आवरणावर धूळ बसली की प्रकाश हळूहळू घटतो, आणि घट हळू असल्यामुळे ती कोणाच्या लक्षात येत नाही. डोळे मात्र दुखू लागतात.

१७ जून

रस्त्याकडच्या भागातील कार्पेट आज उचलले. त्याखाली पिठासारखी बारीक राखाडी धूळ जाड थराने बसलेली होती, आणि खिडकीलगतच्या पट्ट्यात ओलीमुळे बुरशीचे काळे डाग होते. मिस्त्रींनी पाणी मारून फावड्याने एक कोपरा खरवडला, तेव्हा खाली इमारतीची मूळ मोझॅक फरशी निघाली: पांढऱ्या सिमेंटमध्ये हिरवट, काळे आणि विटकरी संगमरवरी दाणे, काही ठिकाणी डिंकाचे डाग, पण तडा कुठेही नाही.

नवीन व्हिट्रिफाइड टाइल बसवण्याचा विचार तत्काळ रद्द केला. अशी घट्ट, जाड आणि जवळजवळ सांधाविरहित फरशी आज घालायची म्हटले तर ती घालणारे कारागीर शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल. तिला फक्त घासून पॉलिश करायचे आहे. मशीनला जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत क्रमाने लावत पाण्याखाली घासाई होईल आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरने चमक येईल. घासाईतून निघणारी राड नाल्यात सोडायची नाही, असे मिस्त्रींना बजावले आहे, कारण ती पाइपात बसून सिमेंटसारखी घट्ट होते. ती पोत्यांत निथळवून राडारोड्याबरोबर पाठवायची.

या फरशीसाठी एक नियम लिहून ठेवत आहे: रोजच्या सफाईत तिच्यावर ॲसिड कधीही येता कामा नये. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही ॲसिडने खाल्ले जातात, चमक जाते, आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागात धूळ आणखी घट्ट बसते. हेच शहाबादी फरशीलाही लागू आहे, कारण तो चुनखडीचाच दगड आहे.

२४ जून

भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून प्लायवूड आणि व्हिनीअर घेतले. बिजागऱ्या, चॅनेल आणि मुठी बोहरी आळीतून. मुठी नक्षीच्या न घेता एका हाताच्या पुसण्यात साफ होतील अशा घेतल्या.

११ जुलै

मोरीचे काम पूर्ण झाले. नळ जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर आहे, खाली बादली बसते, बाजूचा कठडा इतका बुटका आहे की भरलेली बादली उचलावी न लागता कलंडता येते. वर मॉप उलटे टांगायला आकड्यांची पट्टी, बाहेर उघडणारी झडपांची खिडकी, आणि कुलूपबंद कपाट. मावशींनी आज बादली ठेवून, भरून, ओतून पाहिली आणि आकड्यांची पट्टी चार बोटे खाली घ्यायला सांगितली. प्लंबर कुरकुरला, पण पट्टी खाली घेतली आहे. ती रोज वापरणार त्यांच्या हाताला ती बसली पाहिजे.

शौचालयात भिंतीवर टांगलेले कमोड बसवले. त्यासाठी भिंतीत लोखंडी चौकट घ्यावी लागली आणि खर्च वाढला, तो मंजूर करून घेतला. भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा सर्व ओल्या जागांत गोलाई देऊन केला आहे, म्हणजे काटकोनात घाण अडकणार नाही.

२९ जुलै

वायरिंग झाले. टेबलांखाली जाळीचे ट्रे बसवून सर्व केबल जमिनीपासून वर उचलल्या. टेबलांना कडेचे पत्रे वा जमिनीला टेकणारे ड्रॉवर नाहीत, फक्त पाय आहेत. झाडू भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ जातो.

१३ ऑगस्ट

नकाशांचा प्रश्न हाती घेतला. जुने ट्रेसिंग, अमोनिया प्रिंट (नकाशांच्या जुन्या पद्धतीच्या प्रती) आणि अहवालांचे गठ्ठे यांना ओल लागली आहे, काहींना कसर लागली आहे. जपानी कारखान्यांतून आलेल्या, नीटनेटकेपणाच्या पाच पायऱ्यांच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीतील पहिल्या पायरीचा, म्हणजे निवडीचा, येथे उपयोग केला: ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिला लाल चिठ्ठी लावून एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायची, आणि मुदतीत कोणी मागितली नाही तर तिचा निकाल लावायचा. अभियंत्यांना सुरुवातीला हे नकोसे वाटले. ज्येष्ठ ड्राफ्ट्समन काकांनी मात्र एकेक गुंडाळी उघडून पूल, पाण्याच्या टाक्या आणि पाडल्या गेलेल्या इमारती असे ढीग स्वतः लावून दिले. उभ्या असलेल्या बांधकामांचे मूळ नकाशे स्कॅन करून सपाट ड्रॉवरमध्ये ठेवले जातील. पुढे दुरुस्ती वा मजबुतीकरण करताना त्यांना मोल आहे. जुने मॉनिटर आणि यूपीएस भंगारात न देता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवले, कारण १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत तेच अपेक्षित आहे.

२५ ऑगस्ट

परवा गणेश चतुर्थी आहे. सुतार कोकणात गेले आहेत; काम थांबले.

११ सप्टेंबर

दोन्ही भाग एकत्र जोडले गेले. आज हवेची तपासणी केली. बैठकीच्या खोलीचे दार लावून आठ जणांना बसवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा आकडा बाहेरच्या हवेतील साधारण ४२० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४२० भाग) चढत हजाराच्या बराच वर गेला. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवत राहतो, ताजी हवा आणत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दुपारच्या बैठकीत येणारी सुस्ती जेवणाच्या माथी मारली जाते. खोलीला ताजी हवा घेणारा पंखा आणि धुता येणारा फिल्टर बसवण्याचे ठरले. एसीचे फिल्टर दर पंधरवड्याला धुण्याची नोंद वेळापत्रकात घातली.

२३ सप्टेंबर

कार्यालय हस्तांतरित करण्याआधी सफाईची पद्धत मावशी आणि त्यांच्या मदतनीस यांच्याबरोबर बसून लिहिली, आणि ती मराठीत मोठ्या अक्षरांत मोरीच्या दाराला आतून लावली. क्रम वरून खाली आणि आतून दाराकडे: आधी जळमटे व दिवे, मग कपाटे आणि टेबले, मग केर, शेवटी फरशी. फडक्यांचे रंग हॉटेले व रुग्णालयांतील रूढ पद्धतीप्रमाणे वेगळे केले आहेत: शौचालयाला लाल, पँट्रीला हिरवे, टेबलांना निळे. त्यामुळे कमोडवर फिरलेले फडके चहाच्या कपांजवळ जाणार नाही.

रसायने कमी केली. टेबले व फरशीला सौम्य साबणाचे पाणी पुरते. जंतुनाशक फक्त शौचालय व पँट्रीत, तेही आधी मळ धुऊन आणि मग काही मिनिटे तसेच ठेवून. मारून लगेच पुसले तर त्याचा उपयोग होत नाही. ॲसिडची बाटली कार्यालयातून काढून टाकली. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे लाल अक्षरांत लिहिले आहे, कारण बंद शौचालयात ही दोन्ही एकामागोमाग ओतण्याची सवय सर्रास आढळते.

टेबलाखालच्या कचराटोपल्या काढून पँट्रीजवळ ओल्या व सुक्या कचऱ्याचे दोन मोठे डबे ठेवले. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा नेतात, तेव्हा त्यांच्या हातात काय पडते याचा विचार वर्गीकरण करताना झाला पाहिजे; सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करण्याची पुण्यातली पद्धत महिलांच्या शौचालयात लिहून लावली आहे.

एक गोष्ट संचालकांकडे आग्रहाने मांडली. सफाईला आता सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ आहे, त्यात दुपारचा अर्धा तास वाढवावा आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. आराखडा कितीही विचारपूर्वक केला तरी काम वेळ मागतेच. त्यांनी ते मान्य केले.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सकाळी प्लॉटर, संगणक आणि टोटल स्टेशन (जमीन मोजणीचे उपकरण) यांची पूजा झाली. कीबोर्डवर हळद-कुंकू पडू नये म्हणून फुले आणि गंध स्वतंत्र ताटात ठेवण्याचे ठरले होते, ते सर्वांनी पाळले. पूजेच्या रांगेत मोरीतील नवा व्हॅक्यूम क्लीनर आणि मॉपही होते. ते तिथे संचालकांनी स्वतः आणून मांडले, आणि ते मला मनापासून आवडले.

३० ऑक्टोबर

दिवाळीनंतरची पाहणी. पहिल्या दिवशीचीच यादी हातात घेऊन फिरले. टेबलांखाली आणि कमोडमागे काही मिळाले नाही; कपाटे छताला भिडल्याने त्यांच्या माथ्यावर आता फटच नाही. हेल्मेटचे कप्पे भरलेले आहेत; टेबलावर एकच हेल्मेट दिसले, ते नव्या मुलाचे होते, कारण त्याला कप्पाच दिलेला नव्हता. आणखी सहा कप्पे करायचे आहेत. काचेच्या दालनांची दारे ढकलताना काचेवरच हात टेकतो आणि ठसे उठतात, तिथे स्टीलच्या पट्ट्या बसवायच्या. अमृततुल्यातून किटलीतला चहा येतो, त्याचे ओघळ पँट्रीच्या लाकडी फळीत मुरू लागले आहेत. फळीऐवजी ग्रॅनाइट घालायचा. खिडक्यांच्या ट्रॅकमधली धूळ तशीच आहे. जुन्या ॲल्युमिनियमच्या चौकटी खर्चामुळे ठेवल्या होत्या, त्यांच्या खाचेत फडके जात नाही. अरुंद तोंडाचा ब्रश तूर्त दिला असून, चौकटी बदलण्याचे दरपत्रक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संचालकांकडे जाईल.